सिद्धान्तांचा कंटाळा आला म्हणून पदवी सोडू का?

प्रश्न : ताई, मी संज्ञापन आणि माध्यमं या विषयाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅमेरा, एडिटिंग, निवेदन शिकायला मिळेल म्हणून घरी हट्ट करून प्रवेश घेतला. प्रत्यक्षात आठवड्यातून एकदा लॅब आणि बाकी सगळे तास शॅनन, लासवेल यांचे संवादाचे सिद्धान्त, अजेंडा सेटिंग, संशोधन पद्धती. वर्गातल्या एका मैत्रिणीने पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडून स्वतःचं चॅनेल काढलं, तिचे व्हिडिओ लोक बघतात. दादा म्हणतो, "हे शिकायला पदवी कशाला लागते? फोनवर बघून येतं." त्यात आता स्क्रिप्टसुद्धा एआय लिहून देतं. पदवी सोडून देऊ का? सोडायची नसेल तर पुढच्या वर्षी ऐच्छिक विषय कोणता घेऊ? जाहिरात, चित्रपट अभ्यास आणि दुसऱ्या विभागाचा संख्याशास्त्राची ओळख, असे तीन पर्याय आहेत. फॉर्म याच महिन्यात भरायचा आहे.
– गोंधळलेली

उत्तर :

तुझ्या दादाचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. व्हाइट बॅलन्स कसा लावायचा, टाइमलाइनवर कट कुठे मारायचा, माइक तोंडापासून किती लांब धरायचा, हे सगळं फोनवर बघून आणि हाताने करून येतं. खरं तर तसंच येतं. लॅबमधलं सॉफ्टवेअर तू नोकरीला लागेपर्यंत बदललेलं असणार, आणि बऱ्याच विभागांत ते आजच जुनं असतं. फक्त एवढ्यासाठी पदवीची वर्षं घालवायची असतील तर तो सौदा महागात पडतो, हे मोकळेपणाने सांगायला हवं. प्रवेशाच्या माहितीपत्रकावर मात्र हातात कॅमेरा घेतलेली मुलंच छापतात. समासात टिपणं काढत बसलेली मुलगी कुणी छापत नाही. तुझा अपेक्षाभंग तिथूनच सुरू झालेला असणार.

पण तुझ्या वेळापत्रकात लॅब आणि लासवेल शेजारी शेजारी का बसलेत, ते एकदा बघून घे. हा विषय दोन वेगळ्या घराण्यांतून आला आहे. पहिलं घराणं वृत्तपत्रवाल्यांचं. १९०८ साली अमेरिकेत मिसूरी विद्यापीठात पत्रकारितेचं स्वतंत्र महाविद्यालय सुरू झालं आणि तिथल्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून खरं वृत्तपत्र काढायला बसवलं. पुढे १९१२ मध्ये वृत्तपत्रांचे मालक जोसेफ पुलित्झर यांनी ठेवलेल्या पैशातून कोलंबिया विद्यापीठातलं महाविद्यालय उभं राहिलं. दुसरं घराणं समाजशास्त्रज्ञांचं आणि मानसशास्त्रज्ञांचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास ही मंडळी प्रचार, रेडिओ आणि लोकमत यांच्यामागे लागली होती. विल्बर श्रॅम या माणसाने १९४३ मध्ये आयोवा विद्यापीठात आणि १९४७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात या लोकांना पत्रकारितेच्या छपराखाली आणलं. तेव्हापासून लग्न लागलेलं आहे, पण दोन्ही घरची माणसं अजून एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नाहीत. लॅबचे सर सिद्धान्तांना नाक मुरडतात आणि सिद्धान्ताच्या मॅडम लॅबमध्ये पाऊल टाकत नाहीत. दोन्हींचा सांधा कुठे आहे ते विद्यार्थ्याला कुणीच दाखवत नाही, आणि मग तुझ्यासारखी पत्रं येतात.

तुझा कंटाळा खोटा नाही. शॅननची ती चौकटींची आणि बाणांची आकृती तू वहीत उतरवली असशील. क्लॉड शॅनन हा बेल प्रयोगशाळेतला गणिती. १९४८ मध्ये त्याच्यापुढचा प्रश्न असा होता की, तारेतून पाठवलेला संदेश पलीकडे कमीत कमी चुकांनिशी कसा पोहोचवायचा. संदेशाचा अर्थ काय, याच्याशी अभियांत्रिकीच्या या प्रश्नाला कर्तव्य नाही, असं त्याने सुरुवातीलाच बजावून ठेवलं होतं. आता तीच आकृती फळ्यावर काढून दोन माणसांमधलं बोलणं समजावायला गेलं, तर ऐकणारीला जांभई येणारच. सिद्धान्त ज्या प्रश्नातून निघाला तो प्रश्न काढून टाकला की उरतं ते पाठांतर. परीक्षेला तेवढं पुरतं, म्हणून तेवढंच शिकवलं जातं.

प्रश्न परत जोडून बघ. १९४० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझर्सफेल्ड हा समाजशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) सुमारे ६०० मतदारांची निवडणूक होईपर्यंत पुन्हा पुन्हा मुलाखत घेतली. रेडिओ आणि वृत्तपत्रांच्या प्रचाराने लोक कसे बदलतात ते त्यांना पाहायचं होतं. या बाजूचे त्या बाजूला गेलेले लोक फारच थोडे निघाले. उलट, ओळखीतला एखादा जाणकार काय म्हणतो याचं वजन जास्त दिसलं. मग माध्यमांचा परिणाम होतच नाही का? १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत मॅक्सवेल मॅकोम्ब्ज आणि डोनाल्ड शॉ या संशोधकांनी चॅपल हिल या गावात मत पक्कं न झालेले १०० मतदार गाठले. निवडणुकीतले सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न कोणते, असं त्यांना विचारलं आणि ती यादी बातम्यांनी कोणत्या प्रश्नांना किती जागा दिली याच्याशी ताडून पाहिली. दोन्ही याद्या फार जवळच्या निघाल्या. हेच तुझं अजेंडा सेटिंग. माध्यमं मत बदलतीलच असं नाही, पण मत कशाबद्दल बनवायचं तो विषय पुढ्यात आणून ठेवतात. या दोन अभ्यासांमधला ताण दिसला की धडा पाठ करावा लागत नाही.

आणि पुस्तकावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. १९३८ मध्ये अमेरिकेत मंगळावरच्या आक्रमणाचं एक रेडिओ नाटक लागलं आणि देशभर घबराट माजली, ही गोष्ट तुमच्या टिपणांत 'माध्यमांच्या प्रचंड प्रभावाचं उदाहरण' म्हणून असेलच. घबराटीच्या बातम्या छापणारी होती वृत्तपत्रं, आणि रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता. नंतरच्या अभ्यासकांनी कागदपत्रं तपासली तेव्हा घाबरलेले लोक होते खरे, पण देशभर पळापळ वगैरे काही सापडली नाही. समासात एक प्रश्नचिन्ह काढून ठेव. तोंडी परीक्षेला हे सांगितलंस तर परीक्षक एकतर खूश होतील, नाहीतर चिडतील. दोन्ही चालेल.

आता संशोधन पद्धतीकडे येते. तू तो पेपर यादीत शेवटी, वैतागून लिहिलायस. माझ्या मते या पदवीत पैसे वसूल करून देणारा पेपर कुठला असेल तर तो हाच.

एक काम सांगते, करून बघ. वाहतूक कर्मचाऱ्यांच्या एखाद्या संपाच्या बातम्यांचे १०० मथळे जमव. तू आणि एक मैत्रीण, दोघींनी वेगवेगळं बसून प्रत्येक मथळ्यापुढे लिहायचं : 'ठपका आहे' किंवा 'ठपका नाही'. सोपं वाटतं ना? पहिला मथळा घे : 'संपामुळे प्रवाशांचे हाल'. तू म्हणशील, यात काय ठपका, घडलं ते सांगितलंय. मैत्रीण म्हणेल, 'संपामुळे' म्हटलं की दोष संपकऱ्यांवर गेलाच, मागण्या न ऐकणारं व्यवस्थापन मथळ्यात कुठे आहे? वाद घालून तुम्ही नियम कराल : त्रासाचं कारण म्हणून एखाद्या गटाचा किंवा त्याच्या कृतीचा उल्लेख आला तर ठपका. मग पुढचा मथळा येईल, 'चर्चा फिसकटली, प्रवासी वेठीला'. इथे कोणत्याच गटाचं नाव नाही, पण 'वेठीला' या शब्दाने काम केलेलंच आहे. नियम पुन्हा लिहा. पंधरा-वीस मथळ्यांपर्यंत तुमची दुपार संपलेली असेल. पण त्यानंतर तू मथळा लिहायला बसशील तेव्हा 'वेठीला' हा शब्द आपसूक बोटांतून उतरणार नाही. उतरलाच तर तुला कळेल की आपण तो निवडला.

पुढची गंमत आकड्यांची. समज, दोघींनीही ९० मथळ्यांपुढे 'ठपका नाही' आणि १० पुढे 'ठपका आहे' लिहिलं, आणि १०० पैकी ८२ मथळ्यांवर तुम्हा दोघींचं जमलं. झकास, असं वाटेल. पण दोघींनीही तेच ९० आणि १० शिक्के मथळे न वाचता, नुसते अंदाजपंचे लावले असते, तरी सरासरी ८२ च जमले असते. ०.९ गुणिले ०.९ आणि ०.१ गुणिले ०.१ यांची बेरीज करून बघ. म्हणजे त्या ८२ ला काडीची किंमत नाही. योगायोगाने जमणारा हा भाग वजा करायची रीत जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये दिली, तिला 'कप्पा' म्हणतात. या उदाहरणात कप्पा शून्य येतो. हे एकदा हाताने केलेलं माणूस "सर्वेक्षणात ८० टक्के लोक म्हणाले" अशी प्रेस नोट टेबलावर आली की ती तशीच पुढे ढकलत नाही. किती जणांना विचारलं, कुणी विचारलं, प्रश्नाचे शब्द काय होते, हे विचारायला फोन उचलतं. फोनवर बघून हेही शिकता येतं, मी नाही म्हणत नाही. पण चॅनेल काढायला बसलेलं कुणी आपण होऊन हे शिकतं, असं मी फारसं पाहिलेलं नाही.

मैत्रिणीच्या चॅनेलबद्दल. तिचं कौतुकच आहे. दर आठवड्याला एक गोष्ट पुरी करून लोकांपुढे ठेवणं ही शिस्त तुमच्या विभागात कुणी लावलेली नसणार. मात्र तुझी तुलना एकीशी चाललीय, आणि ती चाललेली एक आहे. सुरू करून सहा महिन्यांत गप्प झालेली चॅनेलं कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून ती हिशेबात धरली जात नाहीत. शिवाय तिची सगळी शेती दुसऱ्याच्या जमिनीवर आहे. मंचाने शिफारशींचे नियम बदलले की काल हजारोंनी येणारे प्रेक्षक आज शेकड्यांवर येतात, आणि त्याचं कारण विचारायला दार नसतं.

तरी तिच्याशी मैत्री ठेव, आणि शक्य असेल तर तिच्या चॅनेलचे आकडे बघायला माग. प्रेक्षक कोणत्या सेकंदाला व्हिडिओ सोडून जातात याचा आलेख तिच्याकडे असतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो जवळपास सगळ्यांचाच घसरतो. मधे कुठे अचानक खड्डा पडलाय आणि कुठे उंचवटा आलाय ते बघ. खड्डा दाखवणं आलेखाचं काम आहे. का पडला, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी पाच-सात प्रेक्षकांना समोर बसवून विचारावं लागतं, आणि तेही "आवडलं का?" असं नाही, कारण ओळखीचं माणूस "हो" म्हणणारच. प्रश्न कसा विचारायचा हा तुझ्या त्याच कंटाळवाण्या पेपरातला तिसरा-चौथा धडा असेल. स्टुअर्ट हॉल या संस्कृतीच्या अभ्यासकाने १९७३ मध्ये मांडलं होतं की संदेश पाठवणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा घेतात, थोडा वाकवून घेतात, नाहीतर साफ उलटा लावतात. तिच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया या तीन खणांत लावून बघ. तुमचा प्रकल्प तयार आहे, आणि तिलाही त्याचा उपयोग होईल.

एआयची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. प्रेस नोटची बातमी करणं, फुटेजवर उपशीर्षकं चढवणं, एकाच मजकुराच्या सहा ठिकाणांसाठी सहा आवृत्त्या काढणं, ही नवख्यांना मिळणारी पहिली कामं असायची, आणि नेमकी तीच यंत्र झटकन करतं. डेस्कवर बसून वर्षभर इकडच्या कॉप्या (बातम्यांचे मजकूर) तिकडे करत हात बसवायची सोय आता पूर्वीसारखी नाही. "खऱ्या प्रतिभेला धोका नाही" वगैरे दिलासा देणाऱ्यांना भाड्याची चिंता नसते. यंत्राला न जमणारं काय, तर ज्याची नोंद अजून कुठेच झालेली नाही ते मिळवणं. बोलायला तयार नसलेल्या माणसाकडे तिसऱ्यांदा जाणं, कार्यालयात बसून फाइल मागणं, आलेला व्हिडिओ सांगितलेल्या जागेचा आणि सांगितलेल्या दिवसाचाच आहे का ते सावल्या, पाट्या आणि हवामान लावून तपासणं. आणि छापल्यावर नोटीस आली तर जबाबदार कोण, याचं उत्तर देणं. यंत्राच्या नावाने नोटीस निघत नाही, तुझ्या आणि संपादकाच्या नावाने निघते. त्यामुळे माध्यम कायद्याचा पेपर झोपेत काढू नकोस. बदनामी, खासगीपणा, लहान मुलांची ओळख उघड न करणं, रेकॉर्ड करताना घ्यायची परवानगी, एवढं तरी पक्कं हवं.

आता सोडायचं की नाही. काही परिस्थितीत मी "सोड" असंच सांगते. तुला फक्त कॅमेराच करायचा असेल, वाचायला बसलं की अंगावर काटा येत असेल, तर छायाचित्रणाचा छोटा, फक्त प्रात्यक्षिकांचा अभ्यासक्रम बरा. शिक्षक दिलेलं काम वाचतच नसतील, तुझी कॉपी लाल शाई न लागता नुसता गुणांचा आकडा घेऊन परत येत असेल, तरी विचार करायला हवा, कारण लिहिणं सुधारतं ते कुणीतरी खोडून दिल्यामुळे. आणि कर्ज काढून शिकत असशील तर हिशेब आणखी कडक. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार बेताचा आणि तास भरपूर, हे बदललेलं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले पाच-सहा जण गाठ आणि सध्या काय करतात ते विचार. माहितीपत्रकातले नकोत, मधल्या बाकांवरचे शोध. त्यांतले काही बातमीदारीत असतील, काही जनसंपर्कात, कुणी आरोग्य मोहिमांच्या मजकुरात, कुणी प्रेक्षक संशोधनात, आणि कुणी अगदीच भलतीकडे. निघताना विचारायचं : कोणता पेपर उपयोगी पडला? उत्तरं ऐकून तुझं तूच ठरवशील.

तुझ्या पत्रावरून मला तू सोडणाऱ्यातली वाटत नाहीस. कंटाळलेली आहेस, पण ज्या पेपरांचा कंटाळा आला त्यांची नावं बिनचूक लिहिली आहेस. राहणार असशील तर लॅब आठवड्यातून एकदा मिळते ही तक्रार मागे ठेव. लॅब सांभाळणाऱ्या मदतनीसाशी ओळख कर. सुट्टीच्या दिवशी कुलूप कोण उघडतं हे विभागप्रमुखांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. वीस अर्धवट कामांपेक्षा चार पुरी झालेली कामं जवळ ठेव, आणि त्यातलं एक तरी लांब, सहा महिने एकाच विषयामागे लागून केलेलं असू दे. इंटर्नशिप घेताना संस्थेच्या नावाला भुलू नकोस. माझी कॉपी रोज कोण तपासणार आणि बाइलाइन (बातमीवर माझं नाव) मिळणार का, एवढं आधी विचार. उत्तर "बघू" असं आलं तर तिथे दोन महिने तुझ्या हाताला झेरॉक्सच लागणार आहे.

आणि माध्यमांच्या पलीकडचा एक विषय धर. अर्थव्यवहार, कायदा, सार्वजनिक आरोग्य, पाणी, शेती, काहीही, पण त्यातला अहवाल उघडल्यावर कोणत्या पानाकडे आधी जायचं ते तुला कळलं पाहिजे. संवादाची पदवी घेतलेल्यांची खरी अडचण मला बहुतेक वेळा हीच दिसते. सांगायची रीत उत्तम येते, सांगायला काही नसतं.

आता फॉर्म. जाहिरातीचा पेपर नोकरीत शिरल्यावर दोन महिन्यांत भरून निघतो, आणि चित्रपट तू कुणी न सांगताही बघशील. संख्याशास्त्र घे. परक्या विभागात जाऊन बसावं लागेल, वर्गात कुणी ओळखीचं नसेल आणि गुण थोडे घसरतील, याची तयारी ठेव. फॉर्म देण्याआधी त्या विभागातल्या शिक्षकांना भेट आणि प्रकल्पासाठी स्वतःची आकडेवारी आणली तर चालेल का ते विचार. 'हो' म्हणाले तर ते १०० मथळे आत्तापासूनच जमवायला लाग.